कोच टॅलमेजची चुन्याची गाडी

मित्रांनो, ओरिन टॅलमेज हा माणूस एल्म फोर्क गावच्या वेदरबी कॉलेजात नोकरीला आला, तेव्हा त्याच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ. न गळणाऱ्या छपराचं, कॉलेजच्या मालकीचं घर मिळणार होतं. 'कोच' ही उपाधी मिळणार होती, आणि नेब्रास्कातल्या आमच्या भागात कोचचा मान पाद्र्याच्या जरा खाली आणि डॉक्टरच्या जरा वर असतो. फुटबॉलचा हंगाम संपला की थंडीभर शेगडीपाशी पाय पसरून बसता येणार होतं. आणि त्याच्या बायकोला, लुएलाला, पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागणार नव्हतं. लग्नानंतर तिने तीन गावांत तीन घरं मांडली होती आणि तिन्ही मोडली होती. चौथ्याच्या दारात उभं राहून तिने बजावलं होतं, "ओरिन, हे शेवटचं. यापुढे तू कुठे गेलास तर एकटा जा, मला पत्र टाक."

यातलं काय मिळालं आणि काय हातचं गेलं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या घरामागच्या पडवीत, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, माझी जागा होती. मी एक जुनी चुन्याची गाडी आहे. पोटात पांढरी पूड भरायची आणि मला ढकलत न्यायचं, की माझ्या बुडाच्या फटीतून मैदानावर सरळ रेघ पडते. एवढंच माझं काम. पण ती रेघ नसेल तर तगडे तगडे खेळाडू भरल्या मैदानात वाट चुकल्यासारखे उभे राहतात.

मूळची मी एका पेरणी यंत्राची पेटी. यंत्र मोडीत निघालं, पेटी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून होती. कोचने ती एका 'ॲपल पाय'च्या, म्हणजे सफरचंद भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या, बदल्यात उचलली. तो अर्थातच लुएलाने भाजला होता. मग त्याने मला एका मोडक्या ढकलगाडीचं लोखंडी चाक बसवलं, फट कानशीने घासून बोटभर रुंद केली आणि दांड्याला कापड गुंडाळलं. पहिली रेघ आली ती वाकडी. कोच माझ्याकडे बघून म्हणाला, "काही हरकत नाही. मलाही पहिल्या वर्षी सरळ चालता येत नव्हतं."

रेघ आखायची त्याची एक पद्धत होती. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला लुएला. ती ओरडायची, "डावीकडे! तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे!" आणि कोच मला ढकलता ढकलता शनिवारच्या सामन्याचे डाव माझ्याशीच बोलायचा. संघाला जे शुक्रवारी कळायचं ते मला गुरुवारीच कळलेलं असायचं. शनिवारी सकाळी त्याच रेघा आम्ही पुन्हा गिरवायचो.

पहिला हंगाम आटोपला. कोच मला धुऊन, पालथी घालून ठेवत होता, तेवढ्यात प्राचार्य लेमॉइन गवतातून बूट सांभाळत आले.

"टॅलमेज, थंडीत तुम्ही काय करता?"

"थंडी वाजवून घेतो, सर."

"म्हणजे मोकळेच असता. मग बास्केटबॉल घ्या. मुलं तीच आहेत, फक्त चेंडू गोल."

वसंतात ते पुन्हा आले. "बेसबॉल मुलं खेळणारच आहेत. बाकावर कोणीतरी मोठं माणूस बसायला हवं. तुम्ही नाहीतरी तिथेच असता." त्याच्या पुढच्या वर्षी धावण्याच्या शर्यती आल्या. "पळणं काय, सगळ्यांनाच येतं. तुम्ही फक्त शिट्टी वाजवा." त्याशिवाय सोमवारी सकाळी आरोग्यशास्त्राचा तास. पगार तोच राहिला. प्राचार्यांना गणित फार चांगलं यायचं, मित्रांनो. एक कोच घेतला की त्याच्यावर तीन फुकट मिळतात हे त्यांनी कोणत्याही दुकानदाराच्या आधी ओळखलं.

शेगडीपाशी पाय पसरण्याचा विषय तिथेच संपला. माझाही आराम गेला. शरद ऋतूत फुटबॉलच्या आडव्या रेघा, बर्फ वितळला की बेसबॉलच्या दोन लांब तिरक्या, आणि मे महिन्यात धावपट्टीचे गोल पट्टे. गोल पट्टे आखताना आम्हा दोघांनाही चक्कर यायची.

कॉलेज लहान होतं, त्यामुळे चारही खेळांत पोरं तीच. त्यांतला, सातआठ वर्षांनी आलेला बेनी कुबिक माझा लाडका. चेक शेतकऱ्याचा मुलगा, खांदे बैलासारखे, आणि स्वभाव असा की माझ्या चाकाखाली बेडूक आला तर गाडी थांबवून त्याला उचलून बाजूला ठेवणार. आमच्या अमेरिकी फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरच्याला आडवं पाडतात; त्यासाठी कोचने त्याला एक खूण शिकवली होती. कोचने नाक खाजवलं की समोरच्या गड्यावर झेप घ्यायची आणि त्याला आडवा करायचा. बेनीने ही खूण इतकी मनावर घेतली की विचारू नका. एका मे महिन्यात, बेसबॉलच्या ऐन सामन्यात, कोचच्या नाकावर माशी बसली. कोचने नाक खाजवलं. तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या बेनीने शेजारच्या खेळाडूच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला धुळीत झोपवलं.

पंच धावत आला. "टॅलमेज, हे काय चाललंय?"

"नोव्हेंबर, साहेब," कोच टोपी काढून म्हणाला. "पोरगं अजून नोव्हेंबरातच आहे."

बेनी त्या खेळाडूला उठवून त्याचे कपडे झटकत होता. "माफ कर रे. चूक माशीची आहे."

बास्केटबॉलचे हाल वेगळे होते. व्यायामशाळा नव्हती म्हणून सराव चर्चच्या तळघरात चालायचा. छत इतकं बुटकं की चेंडू उंच फेकला तर दिव्याला लागायचा आणि चर्चच्या बायका वरून पाय आपटायच्या. आमच्या पोरांना चेंडू सरळ, आडवा, ढेकूळ मारल्यासारखा फेकायची सवय झाली. दुसऱ्या कॉलेजच्या उंच व्यायामशाळेत गेली की ती आधी नुसती वर बघत राहायची. मित्रांनो, हे मी पाहिलेलं नाही. कोच परत आल्यावर खिडकीत बसून लुएलाला सांगायचा, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. पण हसून झाल्यावर कोच म्हणायचा, "यांना एक बरं छत मिळायला हवं, लुएला. एकदा तरी चेंडू वर जाताना बघायला मिळायला हवा."

कोच आल्यापासून अशी दहाएक वर्षं गेली. कोच जितके सामने जिंकला, साधारण तितकेच हरला. एक सामना मात्र तो दर वर्षी हरायचा. तो ग्रँट क्रॉसिंग कॉलेजविरुद्धचा फुटबॉलचा.

इथे एफ्रम स्टॉडर्ड गोष्टीत येतात. कॉलेजच्या विश्वस्त मंडळातलं सगळ्यांत जड पाकीट यांचं. खत, चुना आणि विटा यांचा मोठा व्यापार. एका सप्टेंबरात ते कुंपणाला टेकून आमचं काम बघत उभे राहिले.

"टॅलमेज, एक माणूस चार खेळ शिकवतो म्हणजे तो एकही शिकवत नाही."

"माझ्या बायकोचंही हेच मत आहे," कोच म्हणाला.

"मस्करी नको. मी मंडळाला सांगून टाकलंय. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारी ग्रँट क्रॉसिंगला हरवलंत, तर तुम्ही राहाल, घर राहील, आणि व्यायामशाळेच्या सगळ्या विटा माझ्याकडून. हरलात, तर फुटबॉलसाठी खास माणूस आणू. आणि खास माणसाला घर लागतं."

"आणि विटा?"

"विटांचं मग बघू." जाता जाता त्यांनी मैदानाकडे बोट दाखवलं. "आणि या रेघा! किती मळकट! गव्हर्नर येणार आहेत त्या दिवशी. त्यांना वाटेल, कोणीतरी ताक सांडलंय."

रेघा मळकट होत्या हे खरंच. पण त्याला कारण होतं. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, कातडी भाजतो. म्हणून कोच उन्हाळ्यातच चुना पिंपात विझवायचा, वाळवायचा, चाळायचा आणि त्यात बरीचशी खडूची पूड मिसळायचा. शिवाय भरण्याआधी दर वेळी एक चिमूट तळहाताच्या मागच्या बाजूला घेऊन थुंकीने भिजवायचा. थंड लागली तरच ती माझ्या पोटात जायची. ही काळजी कोणाला दिसत नसे. दिसायचा तो मळकट रंग.

त्या रात्री खिडकीतून आवाज आला. "म्हणजे ओरिन, एका सामन्यावर माझं स्वयंपाकघर लावलंय त्यांनी?"

"आणि व्यायामशाळा."

"व्यायामशाळा तुझी. स्वयंपाकघर माझं. जिंक."

तो शनिवार उजाडला. आमच्याकडे प्रथा अशी की माजी विद्यार्थ्यांच्या दिवशी सकाळी कोचने एप्रन बांधून आलेल्या सगळ्यांसाठी स्वतःच्या हाताने पॅनकेक उलटायचे. शेतकरी, वकील, दात काढणारे डॉक्टर, सगळे ताटल्या घेऊन रांगेत उभे आणि प्रत्येकाला कोचच्या खांद्यावर थाप मारून गेल्या वर्षी काय चुकलं ते सांगायचं असायचं. कोच तिकडे अडकला. इकडे स्टॉडर्डसाहेबांनी आपल्या वखारीतून दोन गडी आणि दोन पोती पाठवली होती. "सगळ्यांत पांढरा असेल तो न्या," एवढंच त्यांना सांगितलेलं. गड्यांनी सगळ्यांत पांढरा आणला. तो माझ्या पोटात ओतून त्यांनीच रेघा गिरवल्या, तेव्हा मला कोमट लागलं. पण गाडीला बोलता येत नाही.

दुपारी कोच मैदानावर आला, बाहीला पाक लागलेला, बँड वाजत असलेला. रेघा बघून थबकला. "हे आपलंच मैदान ना?" लखलखीत दिसत होतं सगळं. त्याने खाली वाकायला हात पुढे केलाही, पण तेवढ्यात गव्हर्नरांशी हस्तांदोलनासाठी कोणीतरी त्याला ओढून नेलं.

सामना सुरू झाला. आणि मित्रांनो, आमची पोरं खेळली! बाकाशेजारी उभी राहून मी सगळं पाहिलं. कोचने दोनदा नाक खाजवलं, दोनदा बेनीने गडी असा आडवा केला की जमीन हलल्यासारखी वाटली. तिसरा भाग सुरू झाला तेव्हा आम्ही तेरा, ग्रँट क्रॉसिंग सहा. स्टॉडर्डसाहेब टोपी हवेत फेकत होते. लुएला बाकामागे कॉफीच्या मोठ्या किटल्यांपाशी उभी होती आणि कधी नव्हे ते तिच्या हातून कॉफी सांडत होती.

मग भुरभुर पाऊस आला.

आधी रेघांवरून वाफ निघाली. लोकांना वाटलं धुकं. मग एक पोरगा उठला तो कोपर चोळत. दुसरा मान चोळत. ग्रँट क्रॉसिंगचा कप्तान गुडघे झाडत नाचायला लागला तेव्हा प्रेक्षक हसले. मग बेनीने चेंडू घेऊन शेवटच्या रेघेजवळ उडी मारली, तोंडावर पडला, आणि उठला तो दोन्ही हातांनी डोळे झाकून.

"कोच! डोळ्यात निखारा गेलाय, कोच!"

कोच खाली वाकला. पायाजवळच्या रेघेतली चिमूट हातावर घेतली, थुंकला. कातडी चर्रकन भाजली. तो उठला. सरळ मैदानात चालत गेला आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा! सगळे बाहेर! आमचे, त्यांचे, सगळे! चोळू नका! आधी पूड झटका, मग पाणी, भरपूर पाणी!"

ग्रँट क्रॉसिंगचे कोच हार्कनेस आडवे आले. "माझी पोरं ठीक आहेत. मैदान तुमचं, रेघा तुमच्या. हरायची भीती वाटली का?"

"हार्कनेस, तुमच्या कप्तानाचे गुडघे बघा आणि मग बोला."

पंचाने घड्याळ काढलं. "मिस्टर टॅलमेज, दोन मिनिटांत संघ उभा केला नाहीत तर मला सामना त्यांना द्यावा लागेल. नियम आहे."

प्रेक्षकांच्या बाकांवरून स्टॉडर्डसाहेबांचा आवाज आला, "टॅलमेज! तोंडं धुवा आणि खेळा! तेरा-सहा आहे! तेरा-सहा!"

कोचने मागे वळून बघितलं. कुंपणापलीकडे गुरांचा मोठा हौद होता. लुएलाने बेनीला कॉलर धरून तिथवर ओढत नेलं होतं आणि त्याचं डोकं नळाखाली धरून ती त्याच्या पापण्या बोटांनी उघडत होती. बेनी लाथा झाडत होता. तिचं स्वयंपाकघरही जाणार होतं, हे तिला माहीत होतं. तिने मान वर केली.

"माझ्याकडे काय बघत बसलायस? किटल्या रिकाम्या कर आणि पाणी आण!"

कोच पंचाकडे वळला. "द्या त्यांना."

"अहो, तुम्ही जिंकताय."

"माहितीये. द्या."

असा सोडून दिलेला सामना एक-शून्य असा नोंदवतात. आमचा फुटबॉल खेळून कोणाचे एकूण गुण एक कधीच होत नाहीत. त्यामुळे तो आकडा बघणाऱ्या कोणालाही लगेच कळतं, की इथे कोणीतरी मैदान सोडलं होतं.

डॉक्टरांनी बेनीचे डोळे तपासले आणि सांगितलं, अजून थोडा वेळ गेला असता तर उजवा डोळा वाचला नसता. आठवडाभर त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्याची आई रोज जर्दाळू भरलेल्या पावांची टोपली घेऊन लुएलाकडे यायची, टेबलावर ठेवायची आणि जायची.

सोमवारी मंडळाची बैठक झाली. संध्याकाळी खिडकीतून मला सगळं कळलं.

"स्टॉडर्डने विचारलं, मैदान कोणाच्या ताब्यात असतं?"

"तू काय म्हणालास?"

"माझ्या."

"आणि पोती कोणाची, ते?"

"ते कोणी विचारलं नाही."

"ओरिन!"

"ऐक तर. चिमूट मी रोज भिजवून बघतो, त्या दिवशी नाही बघितली. हे खोटं नाही. आणि पोत्यांचं नाव काढलं असतं तर तो विटा घेऊन उठला असता. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, चूक माझी, शिक्षा मला. पोरांना नको. त्यांना छत हवं. मी काय बोललो नाही, ते त्याला कळलं होतं."

खिडकीतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मग लुएला म्हणाली, "विटा सगळ्यांसमोर कबूल करून घेतल्यास ना?"

"गव्हर्नरांचे चिटणीस बैठकीला थांबले होते, त्यांच्यासमोर."

"हं. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलास."

घर गेलं. खास माणूस आला, खास पगारावर, आणि दोन हंगामांत निघूनही गेला. त्याच्यानंतर दुसरा आला. कोचकडे बाकीचे तीन खेळ राहिले. दुसऱ्या गावच्या शाळेने त्याला बोलावलं होतं, पण त्याला पोरं सोडवेनात. लुएलाने "एकटा जा" म्हटलं नाही की "राहू या" म्हटलं नाही. तिने बेकरीच्या वरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मलाही त्याने बेकरीच्या मागच्या अंगणात आणलं.

पुढच्या शरद ऋतूत नवा फुटबॉल कोच मला न्यायला आला तेव्हा आमचा कोच दोरी गुंडाळत उभा होता.

"टॅलमेज, फुटबॉल आता माझ्याकडे आहे."

"हो, आहे की. गाडी माझ्याकडे आहे. रेघा मी आखून देईन, तुम्ही सामना बघा."

आणि तो आखत राहिला, मित्रांनो. जे सामने आता त्याचे नव्हते, त्यांच्यासाठी. दर शनिवारी सकाळी हाताच्या मागच्या त्या भाजल्या डागावर चिमूट, थोडी थुंकी, थोडा वेळ थांबणं. डाव मात्र तो अजूनही मलाच सांगायचा. नव्या कोचांना कोणी सांगितले असते तर बरेच सामने जिंकले असते. व्यायामशाळा उभी राहिली, तिच्या दारावर स्टॉडर्डसाहेबांचं नाव कोरलं गेलं. पहिल्या दिवशी कोचने पोरांना सांगितलं, "आज जिंकू नका. नुसता वर फेका." पोरांनी तासभर तेच केलं.

आता रेघा रंगाच्या फवाऱ्याने मारतात. मी त्या व्यायामशाळेच्या जिन्याखाली असते. मुलं माझ्या पोटात ओल्या छत्र्या टाकतात. टाका, माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. काम झालं की प्रत्येक वस्तूचं पोट रिकामं करा, पुसा, कोरडं ठेवा. आणि कोणी तुमच्या हातात काही भरून दिलं तर, कितीही घाई असो आणि कितीही मोठा माणूस हात मिळवायला उभा असो, ते काय आहे ते आधी बघा. ओरिन टॅलमेज चार खेळांचा कोच होता, पण आयुष्यभर त्याने खरं शिकवलं असेल तर एवढंच.

शेवटी, त्या पावसाळी शनिवारचं कोणी काय भरलं तेवढं मांडते. स्टॉडर्डसाहेबांनी विटा भरल्या आणि बदल्यात नाव घेतलं, म्हणजे त्यांना तो सौदा स्वस्तात पडला. कॉलेजने एक-शून्य भरलं. कोचने त्याच्या आयुष्यातले उरलेले सगळे शरद ऋतू भरले. बेनी कुबिकने काहीच भरलं नाही, तो दोन्ही डोळ्यांनी म्हातारा झाला. आणि बेकरीच्या बाजूचा तो उभा, अरुंद लाकडी जिना, एका हातात कोळशाची बादली आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी घेऊन, रोज, केस पांढरे होईपर्यंत, लुएला चढली. मधल्या पायरीवर ती थांबायची, ते फक्त श्वास घ्यायला.